खोली भाड्याने घेताना कोणता कायदा पाहायचा? केंद्राचा, राज्याचा की स्थानिक?

शिक्षणासाठी घर सोडून दुसऱ्या शहरात गेलेल्या विद्यार्थ्याचा कायद्याशी पहिला संबंध बहुधा भाड्याच्या खोलीमुळे येतो. करार अकराच महिन्यांचा का? मालक किती अनामत मागू शकतो? पोलीस पडताळणी केलीच पाहिजे का? मालकाने कुलूप बदलले तर काय करायचे? हे प्रश्न देशभर सारखेच आहेत, पण त्यांची उत्तरे सगळीकडे सारखी नाहीत. लखनऊमध्ये बरोबर असलेले उत्तर पुण्यात चुकू शकते आणि पुण्यातले चेन्नईत. म्हणून ‘कायदा काय सांगतो?’ असे विचारण्याआधी ‘कोणाचा कायदा?’ हे विचारावे लागते. या पाठात आपण भाड्याच्या खोलीच्या उदाहरणातून ही सवय लावून घेऊ.

१. एका खोलीवर किती कायदे लागू होतात?

संविधानाच्या अनुच्छेद २४६ आणि सातव्या अनुसूचीने कायदे करण्याचा अधिकार तीन सूच्यांत वाटला आहे. संघ सूचीतील विषयांवर संसद कायदा करते, राज्य सूचीतील विषयांवर राज्य विधिमंडळ, तर समवर्ती सूचीतील विषयांवर दोघेही. तुमच्या खोलीचा व्यवहार या तिन्ही सूच्यांना स्पर्श करतो.

• करार, शेतजमिनीव्यतिरिक्त मालमत्तेचे हस्तांतरण आणि दस्तांची नोंदणी हे विषय समवर्ती सूचीत आहेत. भारतीय करार कायदा १८७२, मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ आणि नोंदणी कायदा १९०८ हे केंद्रीय कायदे त्यामुळे सर्वत्र पायाभूत ठरतात.
• पोलीस आणि स्थानिक स्वराज्य संस्था हे राज्य सूचीतील विषय आहेत. भाडे नियंत्रणाचे कायदे राज्याराज्यांचे वेगवेगळे आहेत. बहुतेक भाडेकरारांवरील मुद्रांक शुल्काचे दरही राज्यच ठरवते.
• छावणी क्षेत्रातील घरांचे व भाड्याचे नियमन मात्र संघ सूचीत आहे. त्यामुळे एकाच शहरात रस्त्याच्या अलीकडे महापालिका आणि पलीकडे छावणी असेल, तर लागू होणारा कायदा तपासून पाहावा लागतो.

या सर्वांच्या खाली महापालिकेचे नियम, पोलीस आयुक्तांचे आदेश आणि गृहनिर्माण सोसायटीचे उपविधी येतात. खालचा नियम वरच्या कायद्याच्या मर्यादेतच चालतो. सोसायटीच्या सभेतील ठराव राज्याच्या कायद्याला बाजूला सारू शकत नाही.

२. करार अकराच महिन्यांचा का असतो?

मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०७ नुसार एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा, वर्षागणिक चालणारा किंवा वार्षिक भाडे ठरवणारा भाडेपट्टा नोंदणीकृत दस्तानेच करावा लागतो. नोंदणी कायद्याच्या कलम १७ मध्येही हीच अट आहे. करार बारा महिन्यांच्या आत ठेवला की या दोन केंद्रीय कलमांखालची सक्ती टळते. अकरा महिन्यांची प्रथा यातून रूढ झाली.

पण ही झाली फक्त केंद्रीय कायद्याची बाजू. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेकरार असो की लीव्ह अँड लायसन्स करार, तो लेखी हवा आणि नोंदणीकृतही हवा, मग मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. ती न केल्यास मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय नोंदणीकृत करार नसेल आणि अटींवरून वाद झाला, तर विरुद्ध सिद्ध होईपर्यंत राहणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. म्हणजे ‘अकरा महिन्यांचा करार आहे, नोंदणी लागत नाही’ हे वाक्य महाराष्ट्रात चुकीचे आहे.

लक्षात ठेवा: नोटरी केलेला करार म्हणजे नोंदणीकृत करार नव्हे. नोटरी सह्या साक्षांकित करतो. नोंदणी दुय्यम निबंधकाकडे होते. महाराष्ट्रात लीव्ह अँड लायसन्स कराराची नोंदणी ऑनलाइनही करता येते.

३. तुम्ही भाडेकरू आहात की परवानाधारक?

मालमत्ता हस्तांतरण कायद्यातील भाडेपट्ट्याने मालमत्तेच्या उपभोगाचा हक्क तुमच्याकडे येतो. भारतीय सुविधाधिकार कायदा १८८२ च्या कलम ५२ मधील परवान्याने असा हक्क येत नाही, केवळ वापराची अनुमती मिळते. लीव्ह अँड लायसन्स करार या दुसऱ्या प्रकारात मोडतो. वसतिगृह किंवा पेइंग गेस्ट म्हणून घेतलेली खाटही साधारणपणे याच प्रकारातली असते.

करारावर कोणता शब्द छापला आहे एवढ्यावर हे ठरत नाही. ‘असोसिएटेड हॉटेल्स ऑफ इंडिया विरुद्ध आर. एन. कपूर’ या १९५९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की दस्ताचे नाव नव्हे, तर पक्षकारांचा हेतू आणि व्यवहाराचे खरे स्वरूप पाहायचे. जागेचा अनन्य ताबा कोणाकडे होता, ही त्यातली महत्त्वाची खूण.

हा फरक पुस्तकी नाही. महाराष्ट्रात परवान्याची मुदत संपल्यावर जागा सोडली नाही, तर कलम २४ खाली मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो. मुदतीनंतरच्या काळासाठी ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. परीक्षा मे महिन्यात आणि करार एप्रिलमध्ये संपत असेल, तर मुदत आधीच लेखी वाढवून घ्या. ‘महिनाभर राहा, काही हरकत नाही’ हे तोंडी आश्वासन पुढे सिद्ध करणे कठीण जाते.

४. अनामत किती मागता येते?

या प्रश्नावर राज्याराज्यांतला फरक सर्वांत ठळक दिसतो.

आदर्श भाडेकरार कायदा, २०२१: केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२१ मध्ये मंजूर केलेल्या या मसुद्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याइतकी कमाल अनामत सुचवली आहे. बातम्यांत याला अनेकदा ‘नवा भाडेकरू कायदा’ म्हटले जाते, पण तो राज्यांपुढे ठेवलेला नमुना आहे. राज्याने आपला कायदा केल्याशिवाय त्यातली मर्यादा तुमच्या मालकावर बंधनकारक होत नाही.

उत्तर प्रदेश: राज्याने २०२१ मध्ये स्वतःचा कायदा केला आणि राहत्या घरासाठी दोन महिन्यांची मर्यादा घातली.

तमिळनाडू: २०१७ चा कायदा २०१९ मध्ये लागू झाला. त्यात मर्यादा तीन महिन्यांची आहे, पण करारात वेगळे ठरले नसेल तरच. त्यामुळे तिथे सही करण्याआधी अनामतीचे कलम वाचणे हाच बचाव आहे.

महाराष्ट्र: १९९९ च्या कायद्याच्या कलम ५६ ने मालकाने अनामत घेणे वैध ठरवले आहे. त्या कलमात महिन्यांची मर्यादा नाही, म्हणून रक्कम वाटाघाटीने ठरते.

दिल्ली: दिल्ली भाडे नियंत्रण कायदा १९५८ मध्ये भाडेकरूला बरेच संरक्षण आहे. पण १९८८ च्या दुरुस्तीनंतर दरमहा ३,५०० रुपयांपेक्षा जास्त भाडे असलेल्या जागांना तो लागूच होत नाही. आज दिल्लीत विद्यार्थी घेतात त्या बहुतेक सदनिका या मर्यादेबाहेर जातात आणि तिथे करार व मालमत्ता हस्तांतरण कायदा यांवरच भिस्त राहते. कायदा आहे, तुमच्याच शहराचा आहे, तरीही तुम्हाला लागू नाही, असे होऊ शकते. म्हणून कोणताही कायदा उघडला की ‘हा कायदा कोठे लागू होत नाही’ हे कलम आधी वाचावे.

मर्यादा असो वा नसो, अनामत परत मिळणे पुराव्यावर अवलंबून असते. रक्कम बँकेतून किंवा यूपीआयने द्या. रोख दिल्यास पावती घ्या. ताबा घेताना आणि सोडताना खोलीचे तारखेसह फोटो काढा. रंगरंगोटी, साफसफाई, वीजबिल यांपैकी काय वजा होणार आणि उरलेली रक्कम किती दिवसांत परत मिळणार, हे करारात लिहून घ्या.

५. पोलीस पडताळणी सक्तीची आहे का?

यासाठी संपूर्ण देशाला लागू होणारा एकच कायदा नाही. अनेक शहरांत पोलीस आयुक्त किंवा जिल्हाधिकारी आदेश काढतात. पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघत. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १६३ त्या जागी आले आहे. असा आदेश साधारणपणे दोन महिन्यांपर्यंतच टिकतो. राज्य सरकारने वाढवल्यास तो आणखी सहा महिन्यांपर्यंत चालू शकतो. आदेश मोडल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली कारवाई होऊ शकते.

म्हणजे उत्तर शहरावर आणि तारखेवर अवलंबून आहे. माहिती कळवण्याची जबाबदारी आदेशात बहुधा मालकावर टाकलेली असते. तुम्ही ओळखपत्र आणि कायमचा पत्ता द्यावा, अर्जाची पोच मागून ठेवावी. ओळखपत्राच्या छायाप्रतीवर ‘केवळ भाडेकरू पडताळणीसाठी’ असे लिहून तारीख टाकणे चांगले.

६. मालकाने कुलूप लावले किंवा वीज तोडली तर?

भाडे थकले असले तरी मालकाने स्वतःच्या बळावर भाडेकरूला बाहेर काढणे हा कायदेशीर मार्ग नाही. त्याने न्यायालयात किंवा सक्षम प्राधिकाऱ्याकडे जायला हवे. विनिर्दिष्ट अनुतोष कायदा १९६३ च्या कलम ६ नुसार संमतीशिवाय आणि कायद्याच्या प्रक्रियेशिवाय ताबा काढून घेतलेली व्यक्ती सहा महिन्यांच्या आत दावा करून ताबा परत मागू शकते. हा केंद्रीय कायदा असल्याने हा उपाय राज्याच्या भाडे कायद्यावर अवलंबून नाही. मुदत मात्र सहाच महिन्यांची आहे.

वीज आणि पाणी यांबाबत महाराष्ट्राच्या कायद्याचे कलम २९ मालकाला भाडेकरूच्या अत्यावश्यक सेवा विनाकारण तोडण्यास मनाई करते. दिल्लीच्या कायद्यात कलम ४५ आहे, पण तो कायदा लागू असलेल्या जागांपुरतेच. इथे तिसऱ्या भागातला फरक पुन्हा पुढे येतो. ही कलमे ‘भाडेकरू’ला संरक्षण देतात. परवानाधारकाचे आणि त्यातही पेइंग गेस्टचे स्थान कमकुवत असते आणि त्याला मुख्यतः करारावर विसंबावे लागते. म्हणून पेइंग गेस्ट म्हणून राहतानाही नोटिशीचा कालावधी लेखी असणे फार गरजेचे आहे.

७. सोसायटी विद्यार्थ्यांना मनाई करू शकते का?

सहकारी संस्था हा राज्याचा विषय आहे. महाराष्ट्रातील आदर्श उपविधींनुसार सदनिका भाड्याने देण्यासाठी सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही, मात्र सभासदाने सोसायटीला आधी कळवावे लागते. बिगर-भोगवटा शुल्क सभासदाकडून, म्हणजे मालकाकडून, घेतले जाते आणि सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसते. तो बोजा तुमच्या माथी येत असेल, तर तसे करारात आहे का, ते पाहा. दुसऱ्या राज्यात त्या राज्याचा सहकार कायदा किंवा अपार्टमेंट मालकी कायदा पाहावा लागेल.

८. उत्तर शोधण्याचा क्रम

१. जागा नेमकी कोणाच्या हद्दीत आहे? महापालिका, ग्रामपंचायत की छावणी?
२. तुमचा दस्त कोणत्या प्रकारचा आहे? भाडेपट्टा, परवाना की नुसती पावती?
३. राज्याचा भाडे कायदा कोणता आणि तो या जागेला व या भाड्याला लागू होतो का? केंद्र सरकारच्या ‘इंडिया कोड’ या संकेतस्थळावर केंद्रीय कायद्यांसोबत राज्यांचेही कायदे आहेत. दुरुस्त्यांसहित प्रत वाचावी.
४. राज्याचा कायदा लागू नसेल, तर करार आणि मालमत्ता हस्तांतरण कायदा काय सांगतात? उदाहरणार्थ, वेगळे ठरले नसेल तर महिनेवारी भाडेपट्टा कलम १०६ नुसार पंधरा दिवसांच्या नोटिशीने संपवता येतो.
५. स्थानिक आदेश किंवा उपविधी आहे का? असल्यास लेखी प्रत मागा.

वाद मिटला नाही तर आधी लेखी मागणी करा. उत्तर प्रदेश आणि तमिळनाडूसारख्या राज्यांत नव्या कायद्यांखाली भाडे प्राधिकरणे आहेत. इतरत्र जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जाता येते. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग आणि ठरावीक उत्पन्नमर्यादेखालील व्यक्ती यांना मोफत वकील मिळू शकतो. लोकअदालतीत दावा दाखल होण्यापूर्वीही तडजोड करता येते आणि तिथे न्यायालयीन शुल्क लागत नाही. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा मदत क्रमांक १५१०० आहे.

काही हजारांच्या अनामतीसाठी वकील परवडत नाही म्हणून अनेक विद्यार्थी पैसे सोडून देतात. आपल्या राज्याचा नियम माहीत असलेल्या आणि हातात लेखी पुरावा असलेल्या विद्यार्थ्याचा वाद मात्र पुष्कळदा एका नोटिशीतच मिटू शकतो.

स्वाध्याय

१. तुमच्या राज्यातील भाडे कायदा शोधा. तो कोणत्या जागांना लागू होत नाही, हे सांगणारे कलम आपल्या शब्दांत लिहा.
२. ‘अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही’ हे विधान केंद्रीय कायदा आणि महाराष्ट्राचा कायदा यांच्या आधारे तपासा.
३. एका विद्यार्थिनीने लखनऊमध्ये चार महिन्यांचे आणि पुण्यात सहा महिन्यांचे भाडे अनामत म्हणून दिले. दोन्ही व्यवहारांची कायदेशीर स्थिती वेगळी का, ते स्पष्ट करा.
४. स्वतःचा किंवा मित्राचा करार वाचा. नाव बाजूला ठेवून, तो भाडेपट्टा आहे की परवाना, हे कारणांसह ठरवा.