शेणखत मुरलं का, मगच स्ट्रॉबेरी

मागच्या हंगामात आमच्या गटाची सातशे स्ट्रॉबेरीची रोपं जळाली. पाच गुंठ्यांत अडीच हजार लावली होती, तीही गटाच्या कर्जातून. हप्त्याच्या दिवशी एकमेकींच्या तोंडाकडे बघायची पाळी आली. रासायनिक खताचा एक दाणाही टाकला नव्हता, मग रोपं जळाली कशानं?

जळाली ती कोंबडीखतानं. पोल्ट्रीवाल्याकडून स्वस्तात मिळालं, ताजंच होतं, तसंच गादीवाफ्यात मिसळलं. सेंद्रिय आहे म्हणजे बाधणार नाही, असं आम्ही धरून चाललो. ताज्या कोंबडीखतातून अमोनिया निघतो आणि त्यात क्षारही जास्त. स्ट्रॉबेरीला क्षार अजिबात सोसत नाहीत, मुळं कोवळी आणि वरच्या वरच असतात. आठवड्यात पानांच्या कडा करपल्या. आपल्या नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यात कित्येक रानं आधीच खारवट, त्यात ही भर.

आता मातीत काय घडतं ते सांगतो. चांगल्या जमिनीच्या एका चमचाभर मातीत शंभर कोटींच्या घरात जिवाणू असतात. शिवाय बुरशी आणि गांडुळं. खत टाकलं की आधी हे सगळे जेवतात, मग झाडाला मिळतं. एक उपयोगी बुरशी तर मुळांत घर करते, तिला मायकोरायझा म्हणतात. लांबचं स्फुरद आणि पाणी ती मुळापर्यंत आणते, बदल्यात झाडाकडून साखर घेते. स्फुरदाचं खत भरमसाट दिलं तर झाड तिला पोसणं कमी करतं. घरात आयतं आल्यावर कोण कोणाला विचारतं!

ओलं शेण, वाळलेलं पाचट असं न कुजलेलं रानात गाडलं की वेगळाच घोळ होतो. पाचटात कर्ब भरपूर, नत्र थोडं. ते कुजवायला जिवाणूंना नत्र लागतं, ते मातीतलंच उचलतात. काही आठवडे रोप पिवळं पडतं आणि आपण म्हणतो, खत लागू पडलं नाही. ओल्या शेणात हुमणीचे भुंगेरे अंडी घालतात, ते उसाच्या आपल्या गावात कोणाला सांगायला नको. आणि स्ट्रॉबेरी मातीलगत लागते, न शिजवता खातो, म्हणून कच्च्या शेणातले रोगजंतू थेट लेकरांच्या पोटात जायची भीती.

यंदा कोंबडीखत आणि पाचट एकमेकांत मिसळून, थरावर थर देऊन खड्ड्यात कुजवलं. एकात नत्र जास्त, दुसऱ्यात कर्ब, म्हणून जोडी जमते. दोनदा उलथलं, ओल राखली. चार महिने लागले. ढीग गार झाला, घाण वास गेला, हातात भुसभुशीत काळं यायला लागलं तेव्हा खत तयार, असं आम्ही धरलं. त्यात ट्रायकोडर्मा मिसळली. ही मित्रबुरशी मूळकुजीच्या बुरशीला आवरते. मात्र त्याच आठवड्यात रासायनिक बुरशीनाशकाची आळवणी केलीत तर तीही मरते, पैसे पाण्यात.

एक खरं सांगायला हवं. महाबळेश्वर-पाचगणीची लाल माती आंबटसर, म्हणून तिथे स्ट्रॉबेरी सुखानं राहते. आपली काळी माती चुनखडीची. खतानं भुसभुशीत होईल, गांडुळं येतील, पण चुनखडी जात नाही. पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या तर ती लोहाची कमतरता, खत कमी पडलं असं समजू नका. लागवडीआधी बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रातून माती आणि पाणी दोन्ही तपासून घ्या. आम्ही पहिल्या वर्षी फक्त माती तपासली होती.

घरच्या घरी करायची परीक्षाही आहे. जुन्या सुती साडीचे दोन तुकडे घ्या, टेरिकॉट नको. एक खत घातलेल्या वाफ्यात, दुसरा नुसत्या बांधाजवळ, वीतभर खोल पुरा, काठी रोवून खूण ठेवा. दोन महिन्यांनी काढा. जिथं कापड जास्त खाल्लेलं, तिथं माती जिवंत. आमचे तुकडे दसऱ्याला पुरलेत. संक्रांतीच्या बैठकीत दोन्ही घेऊन येऊ, हळदीकुंकवाला याल तेव्हा बघून जा.