गोव्याच्या पर्यटनाचा अपुरा ताळेबंद

ऐंशीच्या दशकाच्या मध्यास युरोपातून पाहुण्यांनी भरलेली चार्टर विमाने दाबोळीला उतरू लागली, तेव्हापासून आजतागायत गोव्यातील पर्यटनाची मोजदाद दोनच मापांनी होत आली आहे: माणसे किती आली आणि पैसा किती आला. 2011 च्या जनगणनेत ज्या प्रदेशाची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास भरली, तेथे 2024 साली आलेल्या पाहुण्यांची संख्या एक कोटीच्या पुढे गेली, आणि ही वाढ सरकारदरबारी नेहमी जमेच्या बाजूसच लिहिली गेली. खर्चाची बाजू कोणी लिहिलीच नाही असे मात्र नव्हे. 1987 साली ‘जागृत गोंयकारांची फौज’ ही संघटना रस्त्यावर उतरली, ती पाणी, जमीन आणि किनारा कोणाच्या वाट्याला जाणार हाच प्रश्न घेऊन. तिच्यापाशी संताप होता, पण मोजमापाचे साधन नव्हते.

ते साधन त्याच काळात जगात इतरत्र आकार घेत होते. एखादी वस्तू कच्च्या मालापासून तिची विल्हेवाट लागेपर्यंत निसर्गाकडून काय घेते आणि त्याला काय परत करते, याचा आद्यंत हिशेब मांडण्याची ही पद्धत, म्हणजे जीवनचक्र-मूल्यमापन, 1969 साली अमेरिकेत शीतपेयाच्या बाटल्यांच्या तुलनेपासून सुरू झाली आणि 1997 साली तिला आंतरराष्ट्रीय मानकाचे रूप मिळाले. तिचे पहिले मर्म हे की हिशेबाचे एकक आरंभीच ठरवावे लागते, आणि दुसरे हे की हिशेबाची शीव कोठे आखली, ते उघडपणे सांगावे लागते. पर्यटनाच्या बाबतीत एकक ठरते पाहुण्याची एक रात्र. शीव कोठे आखावी, हाच सारा वादाचा मुद्दा.

पेडणे तालुक्यातील हरमल, मांद्रे किंवा आश्वे येथील एखादी खोली डोळ्यांपुढे आणावी. दिल्लीहून आलेला पाहुणा तेथे चार रात्री राहतो. वातानुकूलन यंत्राला रात्रीची दहा युनिटे वीज धरली, तर चाळीस युनिटे झाली. गोव्याची वीज बहुतांशी बाहेरच्या औष्णिक केंद्रांतून येते आणि देशाच्या जाळ्यातील एका युनिटामागे सुमारे सातशे ग्रॅम कर्बवायू सुटतो, म्हणजे हा भार अठ्ठावीस किलोंच्या घरात जातो. उलट त्याच पाहुण्याच्या विमानाच्या जाण्यायेण्याचा भार दोनशे किलोंहून अधिक भरतो. हॉटेलवाला दिवे बदलतो आणि चादरी रोज न धुण्याची विनंती करतो, ते उचितच आहे. परंतु हिशेबाची शीव खोलीच्या दारापाशी आखली, तर सर्वांत मोठी रक्कमच वहीबाहेर राहते.

पेडणे तालुक्याने या शिवेचा प्रश्न फार जवळून पाहिला. मोपाच्या सड्यावरील विमानतळाला 2015 साली पर्यावरणीय मंजुरी मिळाली. 29 मार्च 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती स्थगित केली, कारण अर्जातील माहितीत परिसरातील वनक्षेत्रासारख्या ठळक बाबींचाही उल्लेख नव्हता. जानेवारी 2020 मध्ये देखरेखीच्या अटी घालून स्थगिती उठली, आणि जानेवारी 2023 पासून तेथून विमाने उडू लागली. विमानतळाची इमारत सौरऊर्जेवर चालविता येईल, झाडांच्या बदल्यात झाडे लावता येतील. परंतु त्या इमारतीमुळे आकाशात जे इंधन जळते, ते इमारतीच्या खात्यात सहसा पडत नाही.

डिचोलीचे खाते तर याहून अदृश्य आहे. या तालुक्यात समुद्रकिनारा नाही. मयेचा तलाव, हरवळ्याचा धबधबा आणि शिवछत्रपतींनी 1668 साली जीर्णोद्धार केलेले नार्व्याचे सप्तकोटेश्वराचे देऊळ पाहून प्रवासी संध्याकाळी किनाऱ्याकडे परततो. तरीही बार्देशच्या किनाऱ्यावरील हॉटेलात तो ज्या पाण्याने स्नान करतो, ते अस्नोड्याच्या शुद्धीकरण प्रकल्पातून आलेले असते, आणि तिळारीचा कालवा बंद पडला की त्या प्रकल्पाची भिस्त डिचोलीतील आमठाण्याच्या धरणावर असते. तिळारीचे धरण तर दोडामार्ग तालुक्यात, महाराष्ट्राच्या हद्दीत. खाणींनी डोंगर खरवडल्याचे दुःख ज्या तालुक्याने सोसले, आणि 2012 व 2018 साली त्या बंद पडल्यावर रोजगार गेल्याचेही सोसले, त्याच्या पाण्याचा हा वाटा पर्यटनाच्या कोणत्याही जाहिरातीत दिसत नाही.

येथेच या पद्धतीची मर्यादाही ध्यानी घ्यावी. जागतिक पर्यटनाच्या कर्बभाराचा 2018 साली प्रसिद्ध झालेला अंदाज एकूण उत्सर्जनाच्या सुमारे आठ टक्के आहे. असा एकच आकडा मोरजीच्या वाळूत अंडी घालायला येणाऱ्या कासवाविषयी किंवा चैत्र-वैशाखात आटणाऱ्या विहिरीविषयी काही सांगत नाही. म्हणून कर्बवायू, पाणी, भूमी आणि कचरा यांची खाती वेगळी ठेवावी लागतील, आणि ती पंचायतवार मांडावी लागतील.

चार दशकांचा धडा स्पष्ट आहे. येथे पर्यटनाचा लाभ एका तालुक्यात आणि भार दुसऱ्यात, अशी वाटणी नकळत होत गेली, कारण जमाखर्चाची शीव लाभ घेणाऱ्यांनी आखली. यापुढे पेडण्यात वा डिचोलीत कोणत्याही मोठ्या प्रकल्पास परवाना देण्यापूर्वी एका पाहुण्याच्या एका रात्रीचा पुरा ताळेबंद, प्रवासासह आणि पाण्याच्या उगमासह, मराठी-कोंकणीत ग्रामसभेपुढे वाचला जावा. आणि तो वाचला जात नाही तोवर ग्रामस्थांनी संमतीची सही करू नये.