आधी पाटीवर, मग आकाशात

दहावीची परीक्षा संपली आणि आमच्या चिरंजीवांनी साठवलेल्या पैशांतून रिमोटवर उडणारं हेलिकॉप्टर आणलं. मैदानात नेलं, उडवलं, आणि वीस मोजायच्या आत ते आडवं! पाती तुटली, शेपटीचा दांडा वाकला. खर्चाचा आकडा ऐकून हे म्हणाले, "पुरे झालं आता हे खूळ!" मुलाचा चेहरा एवढासा झाला. पण मैत्रिणींनो, मला वाटलं, पोहायला न शिकवता विहिरीत ढकललं तर मूल गटांगळ्या खाणारच की!

चौकशी केली तेव्हा 'सिम्युलेटर' हा शब्द कळला. हा संगणकावरचा प्रोग्रॅम. आपला नेहमीचाच रिमोट तारेनं संगणकाला जोडायचा आणि पडद्यावरचं हेलिकॉप्टर उडवायचं. पडलं तर एक बटण दाबायचं, की पुन्हा धडधाकट! म्हणजे शाळेतली पाटीच म्हणा ना. चुकलं की पुसा आणि पुन्हा लिहा.

कल्पना तशी जुनी आहे. अमेरिकेत एडविन लिंक यांच्या वडिलांचा ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता. आपल्या पेटीला असतात तसे भाते वापरून त्यांनी १९२९ साली जमिनीवरच डुलणारं नकली विमान तयार केलं. पुढे दुसऱ्या महायुद्धात हजारो वैमानिकांनी त्यावर पहिले धडे गिरवले.

हेलिकॉप्टर इतकं अवघड का? रिमोटला दोन दांड्या असतात. सर्वसाधारण मांडणीत डावीनं वर-खाली जायचं आणि नाक वळवायचं. उजवीनं पुढं-मागं आणि डावी-उजवीकडे कलवायचं. हे सगळं एकाच वेळी! एका हातानं पोळी लाटत दुसऱ्या हातानं तव्यावरची उलटण्यासारखं. हात जरा थांबला की स्वारी भलतीकडे. मी स्वतः करून पाहिलं, तीन सेकंदांत जमीनदोस्त!

म्हणून क्रम पाळावा. आधी शेपटी आपल्याकडे ठेवून एकाच जागी तरंगतं ठेवायचं. ते जमलं की आडवं धरून. मग नाक आपल्याकडे करून. इथं भले भले चुकतात, कारण समोर बसवून मुलाचा भांग पाडताना होतं तसं डावं-उजवं उलटं होतं. त्यानंतर इंग्रजी आठाच्या आकड्यात फिरवायचं. कोलांट्या उड्या सगळ्यांत शेवटी. रोज वीस मिनिटं पुरेत. तासन् तास नकोत.

पण एक गोष्ट पाटी शिकवत नाही, ती म्हणजे धाक. पडद्यावरचं पातं कुणाला लागत नाही. २०१३ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात एकोणीस वर्षांचा एक मुलगा स्वतःच्याच हेलिकॉप्टरचं पातं लागून गेला, आणि तो काही नवशिका नव्हता. हे मी मुलाला समोर बसवून सांगितलं. तेव्हापासून आमच्या घरचे नियम ठरले:

• मैदान मोकळं हवं. आसपास माणसं, मुलं, गुरं नकोत.
• बॅटरी मैदानात गेल्यावरच जोडायची, घरात नाही.
• पाती पूर्ण थांबल्याशिवाय जवळ जायचं नाही.
• बॅटरी चार्जिंगला लावून झोपायचं किंवा बाहेर जायचं नाही. फुगलेली बॅटरी वापरायचीच नाही.

दोन महिन्यांनी आम्ही तिघं मैदानावर गेलो. हेलिकॉप्टर वर गेलं, डुललं, आणि चक्क स्थिर राहिलं! मिनिटभरानं त्यानं ते अलगद उतरवलं. पाती थांबेपर्यंत तो जागचा हलला नाही, हे पाहून मला उडण्यापेक्षाही जास्त समाधान वाटलं.

आणि परवा रात्री पाणी प्यायला उठले, तर संगणकासमोर रिमोट घेऊन कोण बसलेलं असावं? "जरा बघत होतो," हे म्हणाले.