पेढीचा राखणदार आणि परवानाधारक अंगरक्षक

बोथसारख्या आडवळणाच्या गावी पेढी चालविणाऱ्या व्यापाऱ्यास अंगरक्षकाचे काय प्रयोजन, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. परंतु व्यापार आता गावच्या शिवेत राहिलेला नाही. कापूस व सोयाबीनचे व्यवहार आदिलाबादेस होतात, तेथून ते नागपूर व हैदराबादेपर्यंत पोहोचतात. पुढची पिढी मोठ्या शहरात कारखाना वा कचेरी सांभाळते, आणि घरची वडील मंडळी सुमारे अडीचशे किलोमीटरांवर बसून त्यांची काळजी वाहतात. अशा वेळी ‘एखादा माणूस सोबत ठेव’ असे आपण सहज सांगतो. तो माणूस कोण असावा, याचा विचार मात्र क्वचितच होतो.

राखणदार ठेवण्याची रीत आपल्या मुलखास नवी नाही. निजामाच्या राज्यात सावकारांच्या पेढ्यांवर आणि जहागीरदारांच्या वाड्यांवर अरब व रोहिले पहारेकरी असत. तिजोरीच्या दाराशी बसलेला हा शिपाई कालांतराने वसुलीसही जाऊ लागला. कुळाच्या ओसरीवर ठाण मांडणे, ऋणकोस डांबून ठेवणे, असे प्रकार घडत. पुढे हेच शिपाई स्वतः व्याजबट्टा करू लागले, आणि काही अरब जमादार तर दरबारासच कर्ज देण्याइतके प्रबळ झाले. १८५३ मध्ये दिवाण झालेल्या पहिल्या सालारजंगांस त्यांची ही सत्ता मोडून काढण्यास मोठे श्रम पडले. आदिलाबादच्या गोंड-कोलाम वस्त्यांत सावकाराविषयी जी अढी दीर्घकाळ राहिली, तिला जमिनी हातातून गेल्याचे दुःख कारण होते, तसा हा काठीचा धाकही कारण होता, असे आम्हांस वाटते. ज्याने धन्याचे रक्षण करावयाचे, त्याच्याच हाती वसुली दिली की तो धन्याचे शत्रू वाढवितो.

आपल्या पूर्वजांनी खरा भरवसा शस्त्रावर ठेवलाच नव्हता. तो हुंडीवर होता. शहाजोग हुंडीचे पैसे केवळ पतवान सावकाराच्या हातीच मिळत, त्यामुळे वाटमाऱ्याने ती लुटली तरी तिचा त्यास उपयोग नसे. (बाजारातील हा प्रतिष्ठित शब्द रोजच्या बोलण्यात उपरोधाने वापरला जावा, ही भाषेची गंमतच.) मुंबईच्या झवेरी बाजारातील अंगडियेही पूर्वापार बंदुकीपेक्षा साध्या वेशावर आणि मौनावर विसंबत आले आहेत.

तथापि संकट मालावर नसून माणसावर असते, तेव्हा हुंडी कामास येत नाही. मुंबईत मे १९९४ मध्ये गिरणीमालक सुनीत खटाव, नोव्हेंबर १९९५ मध्ये ईस्ट वेस्ट एअरलाइन्सचे तकीउद्दीन वाहिद आणि १२ ऑगस्ट १९९७ रोजी संगीत व्यवसायातील गुलशन कुमार यांच्या हत्या झाल्या. पहिले दोघे आपापल्या मोटारीत होते. तिसरे अंधेरीतील महादेवाचे दर्शन घेऊन बाहेर पडत होते. १९९९ मध्ये महाराष्ट्राने संघटित गुन्हेगारीविरुद्ध स्वतंत्र कायदा केला, त्यामागे या काळातील खंडणीखोरीची पार्श्वभूमी होती. नेहमीची वाट, नेहमीची वेळ आणि नेहमीचे ठिकाण हेच मारेकऱ्याचे साधन होय. म्हणून चांगला अंगरक्षक जाण्याची वाट आधी पाहून ठेवतो, वेळा बदलतो, मोटार कोठे थांबेल व दार कोणत्या बाजूस उघडेल हे ठरवितो, जवळचे रुग्णालय माहीत करून घेतो. पिस्तूल हे त्याच्या कामातील शेवटचे आणि बहुधा न लागणारे साधन आहे.

आपल्या देशात या व्यवसायास खासगी सुरक्षा संस्था (नियमन) कायदा, २००५ लागू आहे. राज्याच्या नियंत्रक प्राधिकाऱ्याचा परवाना घेतल्यावाचून कोणासही अशी संस्था चालविता येत नाही. चालविल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा पंचवीस हजारांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. परवाना पाच वर्षांचा असतो. रक्षक १८ ते ६५ वयाचा भारतीय नागरिक असावा, त्याच्या चारित्र्याची पडताळणी झालेली असावी, त्याच्यापाशी छायाचित्र असलेले ओळखपत्र असावे. केंद्राच्या नमुना नियमांत १०० तासांचे वर्गशिक्षण व ६० तासांचे प्रत्यक्ष शिक्षण सांगितले आहे. माजी सैनिकांस व माजी पोलिसांस त्यात सवलत आहे.

येथे एक मेख आहे. हे शिक्षण फाटकावरील पहारेकऱ्यासही तेच आणि अंगरक्षकासही तेच. इंग्लंडात २००१ च्या कायद्यानंतर अंगरक्षणाचा परवाना वेगळा झाला. आपल्याकडे तसा भेद नाही. तेव्हा ‘परवानाधारक’ या एका शब्दावर समाधान मानू नये. या माणसाने पूर्वी कोणाचे रक्षण केले, प्रथमोपचार त्यास येतो काय, मोटार चालविण्याचे विशेष शिक्षण झाले आहे काय, हे विचारावे. पिळदार मिशा आणि काळा चष्मा पाहून नेमणूक करणाऱ्यांविषयी आम्ही काय लिहावे!

अहिंसेचे व्रत पाळणाऱ्या गृहस्थाने सशस्त्र माणूस पदरी ठेवावा काय, ही शंका घराघरांत निघते. श्रावकाचारात संकल्पी, आरंभी, उद्योगी व विरोधी असे हिंसेचे चार प्रकार मानले जातात. पैकी संकल्पी हिंसा गृहस्थाने सर्वथा वर्ज्य करावयाची असते, उरलेल्या तीन शक्य तितक्या आवरावयाच्या असतात. श्रवणबेळगोळची गोमटेश्वराची मूर्ती घडविणारा चामुंडराय गंग राजांचा सेनापती होता. आमच्या मते निःशस्त्र परंतु सुशिक्षित अंगरक्षक पुरत असेल, तर बंदुकीचा हट्ट धरू नये. आणि तो कोणताही असो, वसुलीस त्यास पाठवू नये, हे करारनाम्यातच लिहून ठेवावे.

हिशेबाची एक गोष्ट चिटणिसांनी ध्यानात घ्यावी. संस्था कंपनीच्या स्वरूपाची नसेल आणि आपली पेढी वस्तू व सेवा कराखाली नियमित नोंदलेली असेल, तर १ जानेवारी २०१९ पासून या सेवेवरील कर भरण्याची जबाबदारी सेवा घेणाऱ्यावर आहे.

बोथच्या मंडळींस तर आणखी एक अडचण. पैनगंगा ओलांडली की महाराष्ट्र लागतो. तेलंगणाच्या संस्थेचा परवाना तेलंगणापुरता असतो, आणि शस्त्राचा परवाना ज्या क्षेत्रास लागू तेवढ्यापुरताच. नांदेडला लग्नास किंवा यवतमाळला सौद्यासाठी निघताना रक्षक सोबत असेल, तर संस्थेस पलीकडच्या राज्यात काम करण्याची मुभा आहे काय, आणि शस्त्राच्या परवान्यावर कोणते क्षेत्र लिहिले आहे, हे आधी लेखी विचारून घ्यावे. नाक्यावर मोटार थांबविली गेली, तर प्रथम तोच कागद मागितला जाईल.