निमाडची यात्रा आणि महेश्वरचे माग

बदलापूरहून बावनगजा, ऊन-पावागिरी, सिद्धवरकूट अशा निमाडच्या यात्रेस निघालेल्या कुटुंबांना महेश्वर दूर नाही. अहिल्यादेवींनी तेथे विणकर वसविले. पुढे माग ओसरले. १९७० च्या दशकाअखेरीस रिचर्ड व सॅली होळकर यांच्या ‘रेहवा’ संस्थेने ते स्त्रियांच्या हाती दिले. आज किल्ला पाहावयास आलेला प्रवासी मागापर्यंत जातो. दोन्ही अंगांनी नेसता येणारी बुगडी किनार धाग्याधाग्याने उमटताना पाहिली, की घासाघीस करावयास जीभ रेटत नाही. यंत्रमागावरची नक्कलही ‘महेश्वरी’ म्हणून खपते! परंपरागत साडीच्या ताण्यात रेशीम असते. अहिंसाव्रती यात्रेकरूंनी निव्वळ सुती साडी मागावी. तीही तेथेच विणली जाते.