मुळांपर्यंत पोहोचलेला धूर

कोळशाच्या धुरातील गंधकवायू पर्जन्यजलात मिसळून आम्ल होतो व पानांवर डाग पाडतो, एवढेच सामान्यतः आपणांस ठाऊक असते. परंतु जर्मनीतील झोलिंगच्या डोंगराळ अरण्यात १९६६ पासून चाललेल्या संशोधनातून, विशेषतः मृत्तिकाशास्त्रज्ञ बर्नहार्ड उलरिख यांच्या अभ्यासातून, वृक्षावरील मोठा आघात भूमीखालीच होतो, हा विचार पुढे आला. आम्लामुळे मातीतील कॅल्शियम व मॅग्नेशियम वाहून जातात, खनिजांत बद्ध असलेले अॅल्युमिनियम विरघळून मोकळे होते, आणि ज्या सूक्ष्म तंतुमुळांवर पाणी शोषण्याचा सारा कारभार सोपविलेला असतो, त्यांनाच त्याची प्रथम बाधा होते. स्प्रूस या सूचिपर्णी वृक्षाची मुळे स्वभावतःच उथळ. खालचा थर विषारी झाला की ती पालापाचोळ्याच्या थरात एकवटतात, आणि अवर्षणात नेमका तोच थर सर्वांआधी कोरडा पडतो. विषापासून दूर जावे तर तहानेच्या तावडीत सापडावे, ही त्या मूक जीवाची असहायता मला फार क्लेशकारक वाटते. समग्र अरण्ये नष्ट होतील हे तत्कालीन भाकीत खरे ठरले नाही, त्याचे श्रेय काही अंशी गंधकावरील निर्बंधांना आहे. तथापि माती हवेइतक्या त्वरेने सुधारत नाही, म्हणून जर्मनीत कित्येक ठिकाणी अरण्यांवर हेलिकॉप्टरमधून चुनखडीची पूड टाकावी लागली आहे.