भाषेचं विज्ञान : पावसला की पावसाला?

जुलैत रत्नागिरीच्या एसटी स्थानकावर दोन वाक्यं हमखास कानी पडतात. ‘पावसला जायचंय’ आणि ‘पावसाला कंटाळलो’. पहिलं गाव, दुसरा आभाळातून कोसळणारा. फरक एका काना-मात्रेचा, तोही नुसत्या कान्याचा. हा काना येतो कुठून?

मराठी नाम सहसा थेट प्रत्यय घेत नाही. आधी ते रूप बदलतं : फणसचं फणसा, आंबाचं आंब्या, वाटचं वाटे. मगच ‘ला’, ‘त’, ‘ने’ चिकटतात. कोयतीला मूठ बसवायची तर पात्याला मागे निमुळती शेपटी काढावी लागते, तसंच हे. व्याकरणात याला सामान्यरूप म्हणतात. ही शेपटी फार जुनी आहे. संस्कृतातलं ‘पनसस्य’ प्राकृतात ‘फणसस्स’ झालं, शेवटचं जोडाक्षर झिजलं आणि उरला ‘फणसा’. आपण रोज बाजारात दोन हजार वर्षांची झीज बोलतो!

मराठीत नामाची शेपटी बदलते, तर काळ्या समुद्राकाठच्या अबखाझ भाषेत नामाचं तोंड बदलतं. ‘आन’ म्हणजे आई, ‘सान’ माझी आई. ‘तुझी आई’ म्हणताना ऐकणारा पुरुष असेल तर ‘वान’, स्त्री असेल तर ‘बान’.

आता पावस. व्यंजनावर संपणारी गावांची नावं बोलताना बहुधा तशीच राहतात : पावसला, चिपळूणला. नाव ओळखू यायला हवं ना! पण भाट्येसारखं एकारान्त गाव मात्र वाकतंच. किनाऱ्यावर फिरायला आपण भाट्याला जातो.